धुंडिराजाची ब्रँच कुठली?

मी प्रिंटिंग इंजिनिअरिंगला आहे असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक ठराविक भाव येतो. म्हणजे लग्नपत्रिका छापायला शिकवतात का गं, हा प्रश्न फर्स्ट इयरपासून आजपर्यंत निदान पन्नास वेळा तरी मला विचारून झाला असेल. विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, शेजारच्या काकू असतात आणि कॉम्प्युटरवाले तर असतातच! त्या सगळ्यांसाठी मी एक नाव तयार ठेवलंय. धुंडिराज गोविंद फाळके. तेच ते, दादासाहेब. भारतीय सिनेमाचे जनक वगैरे. पण जनक होण्याआधी हा माणूस प्रेसवाला होता, ब्लॉकमेकर होता, ॲसिडने हात भाजून घेणारा आमच्यातला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी एकाच पद्धतीने ऐकलेली आहे. गिरगावात तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला, डोक्यात वीज चमकली, ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसायला लागले, विलायतेहून कॅमेरा आणला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ तयार! परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ साली आला, तोही साधारण इथूनच सुरू होतो. सिनेमा झकासच आहे, वाद नाही. पण गणित करून बघा. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा. म्हणजे तंबूत बसलेला माणूस चाळिशीचा आहे. मग त्याआधीची चाळीस वर्षं हा गृहस्थ काय करत होता? मला त्या चाळीस वर्षांबद्दल लिहायचंय. कारण वीज वगैरे काही चमकली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस वर्षं हा माणूस शिकत होता, आणि तेही एक गोष्ट नाही.

जन्म त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री फाळके संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, पूजा, पाठांतर. मुलगाही शास्त्री व्हायचा, हे जवळपास ठरलेलंच. पण वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. १८८५ साली पंधरा वर्षांचा धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. त्या काळचं जे. जे. म्हणजे नुसती चित्रं काढायची शाळा नव्हती. बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस तेव्हा बांधून होत होतं आणि त्याच्या कोरीवकामात, सजावटीत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं ग्रिफिथ्स साहेबांचं काम १८७२पासून चाललेलं, ते १८८५लाच संपत आलं होतं. अशा वातावरणात हा मुलगा ड्रॉइंग शिकला. वर्षभर. मग थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला.

आणि बडोद्याला जे झालं ते आपल्यासारख्यांनी नीट वाचायला हवं.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात ‘कलाभवन’ नावाची संस्था काढली. नाव ऐकून आपल्याला वाटतं की इथे गाणं, चित्रकला, नाच असं काहीतरी असणार. छे! तिथे कापड रंगवणं होतं, विणकाम होतं, सुतारकाम होतं, यंत्रांची कामं होती आणि त्यांच्याच बरोबरीने चित्रकलाही होती. ‘कला’ या शब्दात हाताने आणि डोक्याने करायचं सगळंच धरलेलं होतं. अनेक ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की फाळके बडोदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकले. आता ते विद्यापीठच मुळी १९४९ सालचं! खरी गंमत अशी आहे की त्या जुन्या कलाभवनाची पुढे त्याच विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झाली. म्हणजे मंडळी, सिनेमाचे जनक तांत्रिक हिशोबाने आपल्यातलेच निघाले.

कलाभवनाचे प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर. रसायनशास्त्रातला जबरदस्त माणूस. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासलं होतं, ते डाग भल्याभल्यांना निघेनात, ते शेवटी या गज्जरांनी काढून दाखवले. (चाफेकरांच्या कष्टांचं वाईट वाटतं, पण केमिस्ट्रीला दाद द्यावीच लागते.) अशा माणसाच्या हाताखाली धुंडिराज पडला. आधी तैलरंग आणि जलरंग. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांना माहीत असेल, ही दोन माध्यमं म्हणजे सख्ख्या सवती. जलरंगात कागदाचा पांढरा हाच तुमचा उजेड, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, एकदा गेला की गेला. तैलरंगात उलट, काळोखातून उजेडाकडे यायचं, चुकलं तर खरवडून पुन्हा रंगवायचं, आणि वाळायची वाट बघत बसायचं. एका माध्यमाची सवय दुसऱ्यात नडते. धुंडिराजाने दोन्ही केलं. शिवाय मातीकाम, शिवाय वास्तुकला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल करून ठेवलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं.

तेवढ्यात फोटोग्राफीचं वेड लागलं. तेव्हा फोटो म्हणजे काचेच्या प्लेटा, अंधारखोली आणि बाटल्याच बाटल्या. पण नुसता फोटो काढून याचं समाधान होईना. तो फोटो छापायचा कसा? इथे माझा विषय सुरू होतो, तेव्हा दोन मिनिटं सहन करा.

छापखान्याच्या शाईला ‘थोडं काळं’ समजत नाही. शाई एक तर लागते, नाहीतर लागत नाही. फोटोत मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा असतात. मग करतात काय, तर बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या काचेच्या जाळीतून त्या चित्राचा पुन्हा फोटो घेतात. चित्राचे ठिपके होतात. जिथे गडद तिथे मोठे ठिपके, जिथे फिकं तिथे लहान. हे ठिपके उजेडाने बदलणारं रसायन लावलेल्या जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. नको तो भाग खाल्ला जातो, ठिपके उंच राहतात, त्यांना शाई लागते. हा हाफटोन ब्लॉक. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून बघा, अजूनही ठिपकेच दिसतील.

आता रंगीत चित्र हवं असेल तर एकाच चित्राचे तीन फोटो तीन रंगांच्या काचांमधून घ्यायचे. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या. तिघांचे तीन ब्लॉक करायचे आणि ते अनुक्रमे आकाशी, किरमिजी आणि पिवळ्या शाईत एकावर एक छापायचे. जाळीचा कोन दर वेळी वेगळा ठेवायचा, नाहीतर चित्रावर लाटा उठतात. आणि तिन्ही ठसे केसाचाही फरक न पडता एकमेकांवर बसले पाहिजेत, नाहीतर देवीला दोन नाकं! आम्हाला हे सेन्सर आणि सॉफ्टवेअर लावून करतानाही घाम फुटतो. धुंडिराज हे १८९०-९१च्या सुमारास नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी शिकत होता. गज्जरांनी त्याला त्यासाठी मुद्दाम रतलामला पाठवलं. तीनरंगी ब्लॉक, दगडावर चित्र उतरवायची फोटोलिथो पद्धत, जिलेटिनवरून छापायची कोलोटाइप पद्धत, अंधारखोलीतलं काम, सगळं शिकून तो परत आला. १८९३ला गज्जरांनी कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळाच त्याला वापरायला दिली. विद्यार्थ्याला लॅबची किल्ली! आपल्याकडे व्हायवा संपल्यावर लॅबमध्ये रेंगाळलं तरी अटेंडंट हाकलून काढतो.

इथवर सगळं छान चाललंय ना? पुढे नाही.

शिकला भरपूर, पण पोट कशावर भरायचं? गोध्र्याला जाऊन फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. १९००च्या प्लेगमध्ये बायको गेली, मूल गेलं. माणूस बडोद्याला परत आला. तिथे फोटोचं दुकान चालेना, कारण कॅमेरा माणसाची ताकद शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. मग बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकला आणि स्वतःच प्रयोग करायला लागला. नाव घेतलं ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटं वाचा. १९०२ साली दुसरं लग्न झालं, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातल्या गिरिजा करंदीकर यांच्याशी. त्या सरस्वतीबाई झाल्या. १९०३ला पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार! तीन वर्षांत राजीनामा. स्वदेशीचे दिवस होते, इंग्रजाची चाकरी नको, स्वतःचा छापखाना काढायचा.

त्या काळातल्या एखाद्या मामाने काय म्हटलं असतं ते मी डोळे मिटून सांगू शकते. एक ना धड, भाराभर चिंध्या. चित्रकार म्हणावा तर चित्रकार नाही, फोटोग्राफर म्हणावा तर दुकान बंद, जादूगार म्हणजे तर नावच नको, आणि हातातली नोकरी सोडून बसलाय. छत्तिशी आली. खरं सांगायचं तर त्या मामाचंही काही चुकलं नसतं. त्या क्षणी कागदावर मांडलं तर हिशोब तोट्याचाच दिसतो. आपण शेवट माहीत असल्यामुळे शहाणे आहोत, इतकंच.

छापखाना लोणावळ्याला निघाला. जवळच मळवलीला राजा रविवर्मांनी काढलेला प्रसिद्ध प्रेस होता. रविवर्मांची लक्ष्मी, सरस्वती, घराघरांत टांगलेली ती चित्रं या प्रेसची. एकेका चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे. त्या प्रेससाठी फाळक्यांनी फोटोलिथोची कामं केली. मला या टप्प्याचं फार महत्त्व वाटतं. दगडावर तीच लक्ष्मी, तेच शंकर-पार्वती रंगा-रंगाने उतरवताना या माणसाच्या बोटांत देव कसे उभे राहतात, कसे बसतात, उजेड कुठून येतो हे मुरलं. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या सुरुवातीला राजा, राणी आणि राजपुत्र दिसतात ते दृश्य पाहा. मला तरी ते हलणारं रविवर्म्याचं चित्रच वाटतं.

मग प्रेस दादरला आला, नवे भागीदार आले, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असं नाव झालं. १९०९ला फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. काम उत्तम, नाव झालं. आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. पुन्हा शून्य. दुसरे भांडवलदार पैसे घेऊन तयार होते, पण यांनी ऐकलं नाही.

आणि आता, नोकरी नाही, प्रेस नाही, घरात लहान मुलं, अशा अवस्थेत ते गिरगावातल्या तंबूत येऊन बसतात. आता सांगा, पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांना काय दिसलं असेल? बाकीच्या प्रेक्षकांना चमत्कार दिसला. या माणसाला प्लेट, रसायन, अंधारखोली, भिंग, पडदे, उजेड आणि जादूच्या युक्त्या दिसल्या असणार. त्यातली एकही गोष्ट त्याला अनोळखी नव्हती. फक्त चित्र हलतं कसं, तेवढं शिकायचं राहिलं होतं. म्हणजे पुन्हा विद्यार्थी!

स्वस्तातला प्रोजेक्टर आणला, फिल्मचे तुकडे जमवले, दिवसरात्र डोळे ताणून पाहिले. इतके की दृष्टीच जायची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना ओळखदेख नसताना जाऊन भेटले. त्यांनी सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत शिकायची सोय करून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये घरी.

त्यानंतर त्यांनी जे पहिलं केलं ते मला ‘हरिश्चंद्रा’पेक्षाही आवडतं. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा रोवून ठेवला. रोज थोडी थोडी फिल्म फिरवायची, महिन्याहून जास्त दिवस. पडद्यावर लावली तेव्हा मिनिटभरात दाण्यातून कोंब आला, पानं फुटली, वेल झाला! ‘अंकुराची वाढ’. भांडवलदार पैसे सोडायला तयार झाले ते हे पाहून. नाटक नाही, नट नाही, देव नाही, फक्त वेळ मोजून केलेला एक प्रयोग. आपल्या मिनी प्रोजेक्टला शोभेल असा.

आता सरस्वतीबाईंबद्दल. कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची. कडेला सारख्या अंतरावर भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकायची नाही, आणि अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र नाचणार. उजेड लागला तर सगळी फिल्म फुकट. म्हणजे काम काळोखात. हे काम रात्री, दिवसभराचा स्वयंपाक आणि सगळ्या कंपनीच्या पंगती उरकल्यावर, सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुण्याची रसायनंही त्या कालवायच्या. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. दागिने गेले ते वेगळेच. १९६९पासून दादासाहेबांच्या नावाने सिनेमातला सर्वांत मोठा सरकारी पुरस्कार दिला जातो. काळोखात फिल्मला भोकं पाडणाऱ्या, म्हणजे या देशातल्या पहिल्या फिल्म टेक्निशियन बाईच्या नावाने काय दिलं जातं? मी शोधलं. मला तरी काही सापडलं नाही. याचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, ते मी उगाळत नाही. जुनी विद्या मात्र प्रत्येक वेळी कुठून ना कुठून डोकं वर काढते. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये स्वतःची मुलगी मंदाकिनी कृष्ण, आणि पाण्याखालची कालियाशी झुंज, हे सगळं प्रोफेसर केळफाचं काम. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ही त्यातलीच.

१९१८ला नाशिकला हिंदुस्थान कंपनी निघाली, पुन्हा भागीदार, पुन्हा भांडण. वैतागून काशीला गेले, तिथे बसून ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. परत आले, पुन्हा सिनेमे. नव्वदहून अधिक मोठे चित्रपट केले म्हणतात.

आणि मग १९३१ साल आलं. ‘आलमआरा’. सिनेमा बोलायला लागला. इथे मला ही गोष्ट सांगताना दर वेळी अडखळायला होतं. तैलरंग, जलरंग, माती, काच, दगड, तांबं, सेल्युलॉइड, जे समोर आलं ते ज्याने शिकून घेतलं, त्याला आवाज हे माध्यम काही वश झालं नाही. ‘सेतुबंधन’ त्यांनी मूकपट म्हणून केला, १९३२चा. तोवर मूकपट कुणाला नको होता, म्हणून मागाहून त्यावर आवाज चढवला. तीनरंगी ब्लॉकमध्ये केसाचाही फरक खपवून न घेणारा माणूस हलणाऱ्या ओठांवर मागाहून शब्द बसवत होता, हे डोळ्यांसमोर आणवत नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ला ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला. वय सदुसष्ट. त्यानंतर नाही.

नाशिकला राहिले. पैसा उरला नव्हता, विचारणारं फारसं कुणी नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ला गेले. त्यांच्या फिल्मांपैकी फार थोडे तुकडे आज शिल्लक आहेत, ते पुण्याला फिल्म संग्रहालयात. ‘हरिश्चंद्रा’चा जो भाग उरलाय तो १९१३चा की त्यांनीच १९१७ला पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर जाणकारांत अजून वाद चालू आहे. त्या तुकड्यांबरोबर ‘चित्रपट कसे तयार करतात’ अशी एक छोटी फिल्मही आहे. त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. ती पाहताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघत होते.